जागा न देणारे मगदूम साहेब

आमच्या कोल्हापुरात कुणाला तोंडावर 'नाही' म्हणायची पद्धत नाही. काम होणार नसलं तरी माणूस "बघूया की" म्हणतो, चहा पाजतो आणि वाटेला लावतो. समोरच्यालाही कळतं की हे काही व्हायचं नाही. तोही चहा पिऊन खुशीत जातो. अशा गावात राहून मगदूम साहेब दिवसभर 'न्हाय' म्हणायचे. तेही मान वर न करता आणि चहा न पाजता. लोक त्यांच्याबद्दल काय काय बोलले असतील ते मी सांगायला नको. मी स्वतः पुष्कळ बोलले आहे.

मी कंटेनर टर्मिनलच्या गेटवर बसते. कागलच्या एमआयडीसीतून लोखंडाची कास्टिंग येतात, कबनूरकडनं कापड येतं, हंगामात साखर येते. सगळं कंटेनरमध्ये बंद होऊन ट्रकवरून आमच्या गेटात येतं, रेल्वेच्या वॅगनवर चढतं आणि मुंबईकडं बंदराला जातं. तिथून पुढं जहाज. मी ट्रकचा नंबर बघते, सील बघते, वजन लिहून घेते आणि आडवा दांडा वर करते. उन्हाळ्यात माझी पत्र्याची केबिन तापते, पावसाळ्यात गळते, आणि हॉर्न बारा महिने वाजतो. ह्या नोकरीत माणूस चिडका होतो म्हणतात. मी आधीपासूनच होते, त्यामुळं मला वेगळे कष्ट पडले नाहीत.

भूपाल मगदूम आमच्याकडं प्लॅनर म्हणून आले. कुठला कंटेनर कुठल्या वॅगनवर चढवायचा, कुठला आधी, कुठला मागून, हे ठरवणं त्यांचं काम. त्याआधी हे काम कुणाचंच नव्हतं. स्टॅकर म्हणजे कंटेनर उचलणारी ती हत्तीएवढी गाडी. ती दत्ता चालवतो. त्याच्या हाताला जो कंटेनर लागेल तो चढायचा. मग ध्यानात यायचं की आज जायलाच पाहिजे तो कंटेनर ढिगात खाली आहे. वरचे दोन उतरवा, तो काढा, वरचे परत ठेवा. डिझेल जळायचं, दिवस जायचा, आणि मालगाडी निघायची तेव्हा मधल्या वॅगन रिकाम्याच. वरच्या ऑफिसनं कळवलं होतं, अशा अर्ध्या गाड्या सोडणार असाल तर गाडी बंद करू. गाडी बंद म्हणजे आम्ही सगळे घरी.

साहेब आले ते काखेत लॅपटॉप घेऊन. उंच, किडकिडीत, शर्टाची वरची गुंडी लावलेली. शिकलेले भरपूर, आणि त्यातलं आम्हाला काही सांगायचे नाहीत. पहिले काही दिवस नुसते यार्डातनं फिरले. मग स्वतःच बसून एक प्रोग्रॅम लिहिला. आदल्या दिवशी कुठले कंटेनर येणार, किती वजनाचे, कुणाचं जहाज कधी, हे सगळं त्यात भरायचं. मग तो सांगायचा, कुठला कुठं. दत्ता म्हणाला, "सायेब, आमची सारी जिंदगी हितं गेली. मशीन काय सांगतंय आमाला?" साहेब म्हणाले, "आज ऐका. उद्या न्हाय ऐकलं तरी चालंल."

त्या दिवशी उन्हं उतरायच्या आत गाडी भरली. एक वॅगन रिकामी नाही, एक कंटेनर दोनदा उचलला नाही. दत्ता स्टॅकरमधून उतरला आणि हात कमरेवर ठेवून गाडीकडं बघत राहिला. "आयला, मोकळा झालो की मी," म्हणाला आणि चक्क हसला. दुसऱ्या दिवशी प्लॅन मागायला तोच पहिला हजर.

"एकदा उचललं की एकदाच ठेवायचं." हे साहेबांचं वाक्य. कुणी ग्लास उचलून इकडून तिकडं केला तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची. डबा आणायचे त्या पिशवीतसुद्धा आमटीचा डबा मधोमध आणि दोन्ही बाजूंना भाकरी नि भाजी, सारख्या वजनाची. मी एकदा चिडवलं, "साहेब, वजन करून भरताय काय?" तर म्हणाले, "एका अंगाला कललं की सांडतंय, वैनी." विनोद कळला नाही की कळून सोडून दिला, देव जाणे.

वॅगनचंही तेच. एका वॅगनवर दोन छोटे कंटेनर बसतात. एकीकडं कास्टिंग आणि शेजारी कापड ठेवलं तर वॅगन एका टोकाला जड होते. सरळ रुळावर कदाचित काही होणार नाही, पण पुढं घाट आहे, वळणं आहेत. म्हणून जडाशेजारी जड आणि हलक्याशेजारी हलका. एवढी एक गोष्ट त्यांनी आम्हाला सगळ्यांना इतक्या वेळा सांगितली, की गेटवरचा वॉचमनसुद्धा झोपेत सांगेल.

दत्ताच्या लग्नात तर कहर झाला. लग्न कसबा बावड्यात होतं. जेवणं झाली, नवरीचं सामान टेम्पोत भरायला घेतलं. पोरांनी आधी गाद्या टाकल्या, वर भांडी, आणि एका कडेला कपाट. साहेब पानसुपारी सोडून तरातरा टेम्पोपाशी गेले आणि म्हणाले, "उतरवा." नवरीचे मामा म्हणाले, "पावणं, तुमी कोण?" साहेबांनी कपाटाकडं बोट केलं. "कपाट मधी, पुढच्या अंगाला. मग भांडी. गाद्या वर," म्हणाले आणि स्वतः कपाटाला हात घातला. नवरीची आई माझ्या कानाशी आली, "आमचं सामान बघवंना काय ह्यास्नी?" मी म्हटलं, "आवं, त्यांचा आशीर्वाद असाच असतोय." सारं सामान उतरवून परत भरलं आणि एवढी जागा उरली की करवल्या त्यातच बसून गेल्या. दत्ता तेव्हापासून साहेबांवर जीव टाकायला लागला. तुमच्या लग्नात कुणी एवढं मनावर घेतलं होतं का? माझ्या तरी नाही.

साहेब जैन. दिवस मावळल्यावर अन्नाला शिवायचे नाहीत. गाडी भरून झाली की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाऊन प्रत्येक वॅगन बघायचे, सही करायचे आणि मग वर केबिनमध्ये जाऊन, खिडकीकडं पाठ करून जेवायचे. तेवढा वेळ यार्डात कुणी हाक मारत नसे. मीसुद्धा गेटवरच्या ड्रायव्हरांना दटावायची, "हॉर्न वाजवू नका, साहेब जेवतायत." हे कुणी ठरवलेलं नव्हतं. चिडून बोलणारे आम्ही सगळे, पण तेवढा वेळ गप्प बसायचो.

त्यांच्या घरी कुणी नव्हतं. आईवडील लवकर गेले, लग्न केलं नाही. एक धाकटी बहीण, पद्मा. तिला ह्यांनीच वाढवलं, शिकवलं, कबनूरला दिली. तिच्या नवऱ्याचे माग होते, आणि त्यानं नुकतंच बाहेरच्या देशात कापड पाठवायला सुरुवात केली होती. साहेब कधी हसले तर समजायचं, पद्माचा फोन येऊन गेला. मी त्यांच्या तोंडून 'न्हाय' सोडून दुसरं काही ऐकलं असेल, तर ते फोनवर "व्हय गं, जेवलो," एवढंच.

आता गेट बंद व्हायची वेळ ठरलेली. त्यानंतर आलेला कंटेनर पुढच्या गाडीला. पण आमच्याकडं वेळ म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक आहे. माझा फोन दिवसभर वाजायचा. "वैनी, आलोच. शिरोलीच्या पुलावर हाय." मागं घरातली कुकरची शिट्टी ऐकू यायची. मग उशिरा ट्रक यायचा आणि ड्रायव्हरच्या शेजारी मालक स्वतः, हातात पेढ्यांचा पुडा. "सायेबास्नी सांगा की, एक जागा." साहेब सांगायचे, "आलोच म्हंजे वेळ न्हाय." एका मोठ्या पुढाऱ्याच्या माणसानं साखरेचा कंटेनर आणून गेटवर आरडाओरडा केला, साहेबांची बदली करतो म्हणाला. साहेब म्हणाले, "करा. पण ह्या गाडीला न्हाय." त्या दिवशी मला त्यांचा अभिमान वाटला. आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या भाच्याच्या कारखान्याचा कंटेनर तसाच परत पाठवला तेव्हा मी त्यांना मनात काय काय म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मग एकदा त्यांचे दाजी, म्हणजे पद्माचा नवरा, उशिरा आले. मला वाटलं, आता बघूया. दाजी केबिनमध्ये गेले, दार उघडंच होतं.

"भूपालराव, घरचं हाय की."

"म्हणूनच तुमास्नी आदल्या दिवशी दोनदा सांगितलंतं. वेळेत आणा."

"माग बंद पडलं, लाईट नव्हती. एक जागा द्या. ती काय, रिकामी दिसतीया."

"ती दुसऱ्याची हाय. त्याचा ट्रक वजनाला उभा हाय."

"मग माझ्या मालाचं काय? जहाज जाईल माझं!"

"न्हाय जमत, दाजी."

जहाज गेलं. तिकडच्या व्यापाऱ्यानं पुढची ऑर्डर दुसऱ्याला दिली. पद्मानं फोन बंद केला. दिवाळीत साहेब भाऊबीजेला कबनूरला गेले. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "झाली का भाऊबीज?" साहेब लॅपटॉपकडं बघत म्हणाले, "ओवाळलं. बोलली न्हाय." पुढचा सगळा दिवस ते त्या लॅपटॉपसमोर बसले आणि मला शंका आहे, त्यांनी एकही कळ दाबली नसेल.

त्यानंतर साहेब सुकतच गेले. गाडी वेळेत निघायची, ऑफिसचं कौतुकाचं पत्र आलं, ते त्यांनी उघडलंसुद्धा नाही. मोबाईल उलटा न ठेवता पडदा वर करून ठेवायचे आणि मधूनमधून बघायचे. दत्ता मला म्हणायचा, "वैनी, बघवत न्हाय ओ. एवढा देवमाणूस, आन एका कंटेनरपायी भैण तुटली." मी म्हणायची, "त्यांनी स्वतःच तोडली." पण मलाही बघवत नव्हतंच.

पुढच्या हिवाळ्यात दाजींचा कंटेनर परत उशिरा आला. ह्या वेळी ड्रायव्हर एकटाच होता. दाजी भीतीनं आलेच नसावेत. गाडी भरून झाली होती, साहेब वॅगन बघून सही करून गेले होते, इंजिन लागलं होतं. मी केबिनला फोन लावला. "साहेब, कबनूरचा कंटेनर आलाय. दाजींचा." पलीकडं जेवणाच्या डब्याचं झाकण वाजलं. मग म्हणाले, "यार्डात उतरवून घ्या. पुढच्या गाडीला." आणि फोन ठेवला. वर केबिनमध्ये ते जेवायला बसले. माझ्यासमोर ट्रकांची रांग होती, मी त्यात गुंतले.

साहेबांची पाठ यार्डाकडं होती तेवढ्यात दत्तानं उद्योग केला. शेवटच्या वॅगनवर कागलच्या कास्टिंगचे दोन कंटेनर होते. त्यातल्या एकाचं जहाज पुढच्या आठवड्यात आहे हे त्याला माहीत होतं. त्यानं तो उचलून खाली ठेवला आणि त्याच्या जागी पद्माच्या नवऱ्याचं कापड चढवलं. कुणाचं काही बिघडत नाही, असा त्याचा हिशोब. सायेबांच्या नावावर भैणीचं काम होतंय, त्यांना 'व्हय' म्हणावं पण लागत नाही. ह्याच्याइतकी सोयीची गोष्ट आमच्या गावात दुसरी नाही. वजन मात्र त्याच्या ध्यानात आलं नाही. जे वॉचमन झोपेत सांगेल ते दत्ता प्रेमात विसरला.

गाडी निघाली. साहेब हात पुसत खाली आले आणि यार्डात कास्टिंगचा तो कंटेनर बघून जागीच थांबले. दत्ता धावत गेला. हसत होता मूर्ख. "सायेब, भैणीचं काम झालं! तुमास्नी काय करायचं न्हाय, मी केलंय." साहेबांनी खिशातला फोन काढला आणि तिथंच उभ्या उभ्या पुढच्या स्टेशनला लावला. शेवटच्या वॅगनचं वजन एका बाजूला आहे, गाडी घाटात घेऊ नका, वॅगन काढून ठेवा, असं अगदी शांतपणे सांगितलं. मग वरच्या ऑफिसला फोन. दत्ताचा चेहरा उतरत गेला. तो साहेबांच्या पायावर पडला. त्याला गेल्याच महिन्यात मुलगी झाली होती, आणि तो ठेकेदाराचा माणूस, एका फोनवर जाणार. साहेब म्हणाले, "ऊठ. हात धू आन घरी जा."

वॅगन मधल्या स्टेशनावर काढली. पद्माचं कापड तिथंच अडकलं, शेजारचं कास्टिंगही. दोन्ही जहाजं गेली. कागलवाल्यानं तक्रार केली. पुण्याहून साहेब लोक आले, माझ्याच केबिनमध्ये बसून चौकशी केली. "कंटेनर कुणी बदलला?" मगदूम म्हणाले, "गाडी माझी हाय. सही माझी हाय." "पण कुणी बदलला?" "सही माझी हाय." मी बोलायला तोंड उघडलं. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी उघडलेलं तोंड चहाच्या कपाला लावलं.

त्यांची बदली झाली, लांब, विदर्भातल्या कुठल्याशा यार्डात, खालच्या जागेवर. आणि गंमत बघा, गावाला हा माणूस एकदम आवडायला लागला. "शेवटी भैणीसाठी केलंच की!" "रक्ताचं नातं ते!" ज्यांना त्यांनी जन्मभर परत पाठवलं ते ट्रकवाले गेटवर थांबून त्यांना नमस्कार करायला लागले. पेढेवाले पेढे घेऊन आले. साहेब कुणाला काही सांगत नव्हते. पेढे माझ्या टेबलावर तसेच पडून राहिले आणि मुंग्या लागल्या.

जायच्या दोन दिवस आधी, दुपारी, पद्मा गेटवर आली. मी तिला पहिल्यांदा बघितलं. भावासारखीच उंच. रिक्षातून उतरली तीच डोळे पुसत. मी साहेबांना बोलावलं. ते आले. दत्ता गेटापाशीच टायर बघत होता, तो तसाच उभा राहिला.

"अण्णा," ती म्हणाली, "माझ्यापायी झालं रे हे. मी वर्षभर बोलले न्हाय, आन तू माझ्यासाठी नोकरीवर पाणी सोडलंस." तिनं त्यांचा हात धरला. "कापड गेलं तर जाऊ दे. तू केलंस तेवढं मला पुरं हाय."

मला वाटलं, आता गप्प बसा साहेब. देवाशपथ, एकदा गप्प बसा. काय बिघडतंय? मी मनात हात जोडले.

साहेब म्हणाले, "पद्मा, मी चढवला न्हाय."

"काय?"

"मी न्हायच म्हटलंतं. गाडी निघाल्यावर कळलं. मग मीच फोन करून वॅगन काढायला लावली."

तिनं हात सोडला नाही, पण तो हात नुसता तिथं राहिला. "मग तुझी बदली कशापायी?" तिनं विचारलं. साहेब रस्त्याकडं बघायला लागले. ते दत्ताकडं बघतसुद्धा नव्हते. पण दत्ताला राहवलं नाही, तो रडायला लागला, चांगला थोराड बाप्या. पद्मानं त्याच्याकडं बघितलं, मग भावाकडं. तिला कळलं. मी ते तिच्या तोंडावर बघितलं आणि मला बघू नये असं वाटलं.

"परक्यासाठी नोकरी टाकलीस अण्णा," ती हळूच म्हणाली. "माझ्यासाठी एक जागा दिली न्हाईस."

"जागा नव्हती, पद्मा."

ती वळली. रिक्षा तिथंच होती. बसली आणि गेली. दोघांपैकी कोण खरं, हे मला कुणी विचारू नये. मी ह्यावर पुष्कळ डोकं शिणवलंय आणि मला अजून कळलेलं नाही. दत्ताची मुलगी आता बालवाडीत जाते. तिच्याकडं बघितलं की वाटतं बरं झालं, आणि पद्माचा तो चेहरा आठवला की वाटतं, कसलं बरं झालं!

साहेब गेटाच्या बरोबर मधोमध उभे होते, रस्त्याकडं तोंड करून. समोर कास्टिंगचा ट्रक आला. त्याच्या मागं दुसरा, तिसरा. ज्या माणसानं यार्डात एक कंटेनर कधी वाटेत ठेवू दिला नाही, तो वाट अडवून उभा आहे हे त्याला ठाऊकही नव्हतं. हॉर्न सुरू झाले. एक ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून ओरडला, "ओ पावणं, सरका की बाजूला!" मी केबिनमधून बाहेर आले आणि त्याला म्हटलं, "इंजिन बंद कर." गेट बंद व्हायची वेळ होत आली होती. उशीर झाला असता तर त्यातले काही ट्रक गाडीला चुकले असते. चुकू देत, म्हटलं. मी दांड्यावर हात ठेवून उभी राहिले, आणि ते आपण होऊन बाजूला होईपर्यंत मी तो वर केला नाही.